आईला बागेत बसवायचं होतं

आमच्या पाड्यावर दिवस टेम्पोच्या हॉर्नने सुरू व्हायचा. पाडा डोंगराच्या पायथ्याशी, आणि डांबरी रस्ता तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. उजाडायच्या आत मजूर नेणारा टेम्पो रस्त्यावर येऊन थांबायचा, दोनदा हॉर्न द्यायचा आणि अर्ध्या तासात निघून जायचा. तो चुकला की त्या दिवशीचं काम गेलं. काम गेलं की संध्याकाळी नाचणीची आंबील, तीही अशी पातळ की वाटीचा तळ दिसावा. वडील वीटभट्टीवर तापाने गेले तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर टेम्पो चुकवणं आईला जमणारं नव्हतं. शाळेला सुट्टी असली की एका हातात भाकरीचं फडकं आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती उतारावरून पळत सुटायची.

टेम्पो बागांवर जायचा. उन्हाळ्यात मोगरा, हिवाळ्यात आंब्याची आळी, मधल्या काळात चिकू, आणि पावसाळ्यात मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवरचं तण. मोगरा मिटलेला खुडायचा असतो. ऊन चढलं, कळी उमलली, की ती बाजाराच्या कामाची राहत नाही. म्हणून बायका वाकूनच असायच्या. कळी धरायची, देठ मोडायचा, ओच्यात टाकायची. आम्हा पोरांना आत यायची मनाई होती, झाडं तुडवली जातात म्हणून. मी कुंपणाबाहेर बसून आईची पाठ बघायची. तोंड क्वचित दिसायचं.

रविवारी बागेत मालकाचे पाहुणे यायचे. मोटारीतून उतरायचे, झाडाखाली चटया टाकायचे, आडवे व्हायचे. मुकादम बायकांना म्हणायचा, "चला, पलीकडच्या कोपऱ्यात जा, पाहुणे आलेत." बायका पलीकडच्या कोपऱ्यात जायच्या. भाकरी खायची तीसुद्धा बाहेर, बांधावर. तिच्या हाताखालून इतक्या बागा गेल्या, पण बागेत बसलेली आई मी लहानपणी एकदाही बघितली नाही.

पुढे मी आश्रमशाळेत शिकले, मग भिवंडीत वसतिगृहात राहून कॉलेज केलं. बी.कॉम. झाले. आमच्या पाड्यातली पहिली. हे मी मिरवून सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांनी मिरवू नये, आम्ही मिरवायचं. निकालाच्या दिवशी मार्कशीट घेऊन पाड्यावर गेले तर आईने ती उलटी धरली, नीट बघितली आणि म्हणाली, "चांगलं हाय. आता वाकायचं न्हाय तुला."

वाकत नाही मी. राहनाळच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. कुठला ट्रेलर कधी भरायचा, कुठल्या रस्त्याने सोडायचा, कुठे माल टाकून कुठला माल घेऊन परत यायचा, हे ठरवणं माझं काम. अंजूरला एक खोली भाड्याने घेतली आहे. खिडकीतून पूर्वी खाडीपर्यंत भाताची शेतं दिसायची म्हणतात. मला गोदामांचे निळे पत्रे दिसतात. आईला मी हजारदा म्हटलं असेन, माझ्याकडे राहायला ये. ती एकदा आली, दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इथं दार लावून बसतात सगळी. आजारी हायेत का?" आणि गेली.

मग रविवार उरायचा. सहा दिवस फोन वाजत असतो, हमाल हाका मारतात, ड्रायव्हर भांडतात. सातव्या दिवशी सकाळी जाग येते तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज असतो. मैत्रिणींची लग्नं झाली. पाड्यावरच्या बायका मला आता खुर्ची देतात आणि स्वतः जमिनीवर बसतात. मला ती खुर्ची नको असते, पण नको म्हटलं की त्यांना वाटतं, हिला घाण वाटली.

सेकंडहँड स्कूटी घेतली तेव्हा मी एक ठरवलं. आईला एकदा तरी बागेत पाहुणी म्हणून बसवायचं. हातात काम नसलेली. बाकी काही नाही.

हे बोलायला सोपं आहे. बागा असतात तिथे एसटी जात नाही. गेली तर सकाळी एक आणि दुपारी एक, आणि रविवारी दोन्ही बंद. फाट्यावर जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि परतीला मिळेलच असं कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणून मी ट्रेलरचं गणित स्वतःला लावलं. आमच्या कामात पहिला नियम आहे, आधी परतीचं बघायचं. जायला रस्ता सगळ्यांना सापडतो. मी आधी ठरवायची, उजेड असताना परत अंजूरला कधी टेकायचं, मग तिथून मागे मागे येत निघायची वेळ काढायची. ती बहुतेक पहाटे साडेपाच निघायची. सहानंतर अंजूरफाट्याला कंटेनर लागायला लागतात, आणि एकदा का त्यांच्या मध्ये अडकलं की स्कूटीवाल्याला मान वर करून नुसती चाकं बघावी लागतात.

बाकीचं चुकत चुकत शिकले. फोनवरचा नकाशा शेताच्या बांधालाही रस्ता समजतो, म्हणून बागवाल्याला फोन करून विचारायचं, "तुमच्याकडे खताचा टेम्पो कुठून येतो?" टेम्पो येतो तिथून स्कूटी जातेच. गावात कुणी "हे काय, इथंच आहे" म्हणालं तर पाऊण तास धरायचा. वाडा रस्ता सोडून आत वळलं की पेट्रोल मिळत नाही, बाटलीतलं मिळतं ते घेऊ नये. आणि संडास आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारायचं. पुरुष माणसं या प्रश्नाला लाजतात. मी लाजत नाही. कुंपणाबाहेर दिवस काढलेली मुलगी आहे मी.

माझी घरमालकीण, तिला मी काकी म्हणते, मला हेल्मेट घालताना बघून दर वेळी ओट्यावरून म्हणायची, "चाललीस का झाडं बघाया? त्यापेक्षा नवरा बघ गं."

"काकी, झाड निदान सोडून आलो त्या जागेवर सापडतं."

"सापडंल. पण ते काय पाणी आणून देनार हाय तुला म्हातारपणी?"

गोदामातला उत्तर प्रदेशचा एक हमाल तर वैतागायचाच. "मॅडम, हम लोग गाँव छोड़ के भिवंडी आए. आप छुट्टी में उल्टा गाँव जाती हो."

"बगीचा देखने जाती हूँ."

"वही तो. खेत में पैसा दे के कौन जाता है?"

पहिल्यांदा आईला नेलं ते मोगऱ्याच्या बागेवर. मला वाटलं, ओळखीचं आहे, तिला बरं वाटेल. मी पाड्याखाली रस्त्यावर स्कूटी घेऊन थांबले. आई सवयीने लवकर येऊन उभी होती. हातात भाकरीचं फडकं.

"मुकादम कोण हाय?" तिने बसायच्या आधीच विचारलं.

"मुकादम नाही आये. आपण पाहुणे."

"कशाचे पाहुणे? लगीन हाय कुनाचं?"

"असंच. बघायला."

"बघाया काय असतं त्यात," ती म्हणाली, पण बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत असल्याने तिला दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं. माझ्या पोटाला तिने असा विळखा घातला की मला श्वास पुरेना. दीड तास आम्ही तशा गेलो. तो दीड तास मला अजून आठवतो. लहानपणानंतर आईने मला इतका वेळ धरलं नव्हतं.

बागेचा मालक भला माणूस होता. चटई कुठे टाकू विचारलं तर म्हणाला, "कुठंही टाका, आपलीच बाग आहे." मी आंब्याच्या सावलीत चटई टाकली, आईला बसवलं आणि स्कूटीच्या डिकीतून पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तर चटईवर नुसत्या चपला. आई तिसऱ्या ओळीत, कमरेत वाकलेली, ओचा अर्धा भरलेला. खुडणाऱ्या बायका हसत होत्या.

"मावशीचा हात बघा गं. आपल्याला घरी बसवायची ही."

मालक तिकडून येत कौतुकाने म्हणाला, "मावशी, उद्यापासून याच तुम्ही."

त्याने चांगल्या मनानेच म्हटलं. मला ते उद्यापर्यंत, परवापर्यंत, महिनाभर टोचत राहिलं. परतताना आईने मागून विचारलं, "राग आला तुला?"

"नाही."

"कळ्या उमलून चालल्या होत्या गं. बघवंना."

मी ठरवलं, चूक बागेची आहे. जिथे खुडणी चालू नाही अशी बाग हवी. उन्हाळा वर आला तशी शहापूरच्या बाजूला एक आमराई शोधली. रविवारी कामाला मजूर नसतात, हे फोनवर दोनदा विचारून घेतलं. सावली आहे, बाक आहेत, पाणी आहे, संडास आहे. रस्ता टेम्पोचा आहे. परतीची वेळ काढली, डबा केला, स्कूटीचं टायर तपासून घेतलं. माझ्या मते त्या दिवसाइतकं चोख नियोजन मी ट्रेलरचंही कधी केलं नव्हतं.

आई खरंच बाकावर बसली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी मनातल्या मनात मोजत होते. तेवढ्यात मालकाची बायको ताट घेऊन आली. पहिल्या तोडीचे आंबे, कापलेले. "घ्या, घरचे आहेत." मी एक फोड उचलली, खाल्ली, दुसरी उचलून आईपुढे धरली. "घे आये, गोड आहे."

आईने फोडीकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि मग मला आठवलं.

आमच्या पाड्यावर नवीन पिकलेलं काहीही, भाजी असो, भात असो की आंबा, आधी गावदेवाला दाखवतात. त्याआधी घरात कुणी ते तोंडात घालत नाही. तो दिवस कॅलेंडरात नसतो. म्हातारी माणसं आणि भगत बसून ठरवतात, आणि दोन-तीन दिवस आधी पाड्याला कळवतात. त्या वर्षी आंब्याचा दिवस अजून व्हायचा होता. लहानपणी झाडाखाली पडलेला पाडाचा आंबा मी नुसता हुंगून ठेवून द्यायची, इतकं ते अंगात होतं. आणि मी विसरले. पेट्रोल लक्षात राहिलं, संडास लक्षात राहिला, देव विसरले. लपवण्यात अर्थ नाही.

"मावशी, घ्या ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"न्हाय बाय. आमचा देव जेवला न्हाय अजून."

"अहो, फोडच आहे एक. देव रागावतो का फोडीला?" त्या हसून म्हणाल्या. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांनी ताट तसंच ठेवलं आणि आत गेल्या, जरा दुखावल्यासारख्या. आई उठली. झाडाला टेकवून ठेवलेला खराटा घेतला आणि पाला झाडायला लागली. ज्या घरचं खाऊ शकत नाही तिथे पाहुणी म्हणून कसं बसायचं, हे तिचं सरळ होतं. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. बाकाभोवती तिने गोल अंगण काढलं आणि मगच म्हणाली, "चल."

पाड्याखालच्या रस्त्यावर ती उतरली. मी स्कूटी लावून वर यायला निघाले तर म्हणाली, "इथनंच जा."

"का?"

"देव जेवंपर्यंत तू शिवेच्या आत नको येऊ. मला कुणी विचारलं तं खोटं न्हाय बोलता येत."

"आये, मी विसरले गं."

"ते दिसलं मला," ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. पायवाटेने ती वर गेली, मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले, मग परत अंजूरला आले.

देवाचा दिवस ठरला तेव्हा पाड्यावरच्या एका चुलत भावाने फोन करून कळवलं. तो दिवस मधल्या वारी आला, आणि गोदामात सेलचा माल आलेला, ड्युटी सोडता येईना. सोडता येईना असं मी तेव्हा म्हटलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. माझ्या वाटचा नारळ आईनेच देवापुढे ठेवला, हे नंतर कळलं. त्यानंतर मी पाड्यावर जायची, पण तासाभरात निघायची. खुर्ची होतीच.

रविवारी बागा मात्र सोडल्या नाहीत. एकटी जायला लागले. का जात होते, मलाही नीट सांगता यायचं नाही. फाटकावर माणूस विचारायचा, "किती जण?"

"एक."

"एकच?" असं म्हणून तो माझ्या मागे बघायचा, कुणी राहिलंय का.

मागची सीट रिकामी घेऊन फिरायला मला सगळ्यात जड जायचं. आमच्या धंद्यात रिकामी गाडी परत आणणं म्हणजे नियोजन चुकलं. बागेत गेल्यावर तर मी नक्की कुठली, हेच कुणाला कळायचं नाही. चटया टाकून बसलेल्या पाहुण्यांनी मला दोनदा विचारलं आहे, "ताई, हात धुवायला कुठे आहे?" आणि कामकरी बायकांजवळ जाऊन बसावं म्हटलं तर त्या बोलता बोलता गप्प व्हायच्या, पदर सारखा करायच्या. एक म्हणाली, "मॅडम, इकडं ऊन लागंल तुम्हाला." मग मी पाहुणे आणि कामकरी बायका यांच्या मधलं एखादं झाड बघून डबा उघडायची. फोनमध्ये त्या वर्षातले दोनशे फोटो आहेत. सगळ्यात झाडंच आहेत. माणूस नाही, मीसुद्धा नाही.

पावसाळ्यात मोऱ्यांवरून पाणी जातं, म्हणून तेही बंद झालं. चार महिने खोली, गोदाम, खोली.

पाऊस ओसरत आला तेव्हा एका रविवारी काही न ठरवता पाड्यावर गेले. आई घरामागच्या काकडीच्या वेलाखाली तण काढत होती. त्या चुलत भावाची बायको, माझी भावजय, शेजारच्या घरातून खुर्ची आणायला धावली. मी खुर्ची घेतली नाही, आईशेजारी उकिडवी बसले आणि तण उपटायला लागले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "तू काकडीचंच रोप उपटलंस."

"सवय गेली."

"जाऊ दे. असू दे गेलेली."

मग मी विचारलं, जे उन्हाळ्यापासून विचारायचं होतं. "आये, तुला बागेत नुसतं बसायला काय होतं? दहा मिनिटं बसत नाहीस."

ती हातातली माती झटकत राहिली. "तुला एक सांगू? तू मला बाग बघाया नेतेस. मला तिथं बाग दिसतच न्हाय. मोगरा दिसला का खुडायचा दिसतो. आंबा दिसला का आळं दिसतं, कुणी नीट केलं न्हाय ते दिसतं. फार्महाऊसवरची हिरवळ दिसली का माझे गुडघे दुखतात. डोळे मिटून बसू का मग?"

 घरी येताना एवढं कळलं होतं की चूक बागेची नव्हती आणि आईचीही नव्हती. मी रस्ता, पाणी, परत यायची वेळ, सगळं बघितलं होतं. आईच्या डोळ्यांना काय दिसतं ते बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी वेगळी बाग शोधायला लागले. जिचं काम आईला माहीत नाही अशी. वाटलं होतं, चार फोनमध्ये सापडेल. गुलाबाची बाग सापडली. भावजयीकडून आईला विचारलं, तिने पडघ्याकडे दोन वर्षं गुलाबाची छाटणी केलेली. चिकू तर होताच. काजू, केलेला. प्लास्टिकच्या मोठ्या घरातली ती लाल चकचकीत फुलं, तीही तिने पेटीत भरलेली, हातमोजे न घालता. शेवग्यावर फवारणीचं पाणी वाहिलेलं. मी यादीतलं एकेक नाव घ्यायची आणि फोनवर पलीकडून आई भावजयीच्या मागे म्हणायची, "केलंय, केलंय." भिवंडीपासून दीड तासाच्या टापूत एक बाग अशी राहिली नव्हती जिला आईचा हात लागला नाही. मला अभिमानही वाटला आणि रडूही आलं. रडले नाही, दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट होती.

शेवटी पडघ्याच्या पुढे आत एका निवृत्त शिक्षकांची ड्रॅगनफ्रूटची बाग कळली. नवीनच, चार वर्षांची. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते काय असतं?" मी लगेच सरांना फोन लावला. रस्ता विचारला, पाणी, सावली, संडास, सगळं विचारलं आणि मग म्हटलं, "सर, तण किती आहे?"

"तण?" सर गोंधळले. "ताई, लोक फळ बघायला येतात. तुम्ही तण बघायला येणार?"

"नाही सर. नसलं तर बरं."

"मशीन फिरवतो मी. थोडं गवत असतं."

थोडं चालेल म्हटलं. आईला मात्र या वेळी आधी विचारलं, "सध्या नवीन काय काय बंद आहे?"

भावजयीने फोन आईकडे दिला असावा, कारण आवाज थेट आला. "भात. नव्या भाताचा दिवस झाला न्हाय अजून. मागल्या वर्षीची नाचणी हाय माझ्याकडं. भाकरी मीच आणते, तू काय रांधू नको."

रविवारी आम्ही साडेसातला पोचलो. सिमेंटचे खांब ओळीने उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर गोल चकती, आणि तिच्यावरून तिधारी हिरव्या फांद्या छत्रीसारख्या खाली लोंबलेल्या. अधेमधे गुलाबी फळं. आई पहिल्या खांबापाशी थांबली, एक चक्कर मारली.

"ही तं निवडुंगाची जात."

"हो."

"कुंपणाला लावायची वस्तू आत लावली, न कुंपणाला तार." ती हसली. "शिकलेला माणूस हाय वाटतं मालक."

सर तिथेच होते. तेही हसले, "शिकवणारा आहे मावशी, शिकलेला नाही," असं म्हणून दोन खुर्च्या जांभळाच्या सावलीत ठेवून घराकडे गेले.

आई खुर्चीवर टेकली. टेकल्या टेकल्या तिचा हात खाली गेला आणि खांबाच्या बुडाशी उगवलेल्या गवताच्या झुबक्यावर थांबला. मी बघत होते. बोलले नाही.

"हे ठेवायचं असतं का काढायचं?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही."

"फांद्या छाटतात का ह्याच्या?"

"माहीत नाही आये."

"मालकाला विचार."

"ते आत गेलेत."

आईने हात मागे घेतला. जे काम येत नाही त्यात ती हात घालत नाही, उगाच कुणाचं नुकसान नको म्हणून. पाय पुढे लांब केले, पाठ खुर्चीला टेकवली. खुर्चीला पाठ टेकवलेली आई कशी दिसते हे मला तेव्हा कळलं. ती लांबट दिसते. मान उंच आहे तिची.

 वर जांभळात पोपट होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, ढगाकडे बघितलं, मग खांब मोजले असावेत, ओठ हलत होते. मला काय वाटत होतं ते सांगायचं तर आनंद असा नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाची नुसती पाठ बघितली, त्याच्या तोंडाकडे इतका वेळ बघायची मला सवय नव्हती. मी जमिनीकडे बघत बसले.

मध्येच सर एक फळ कापून घेऊन आले. आत पांढरं, काळ्या बिया. मी ताट घेतलं, हात लावला नाही, आईकडे बघितलं. ती विचारात पडली. तिने फळ उचलून वास घेतला, उलटंपालटं केलं.

"हे आपल्या डोंगरात न्हाय," ती शेवटी म्हणाली. "देवानंही बघितलं नसंल. त्याच्या हद्दीतलं न्हाय ते." आणि एक फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. मी वाट बघत होते.

"कसं आहे?"

"पाणी हाय नुसतं," ती म्हणाली. "खा तू."

मी खाल्लं. तिचं बरोबर होतं.

साडेनऊला निघालो. परतीची वेळ मी तशीच काढली होती. पाड्याखाली उतरवलं तेव्हा ती म्हणाली, "आता नेऊ नकोस लवकर, भाताची कापणी हाय." अंजूरला आले तेव्हा काकी ओट्यावर होती. कुणी भेटलं का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं आणि वर खोलीत गेले.

त्या रविवारी माझी आई एका बागेत पाहुणी म्हणून पावणेदोन तास बसली, आणि तिने कुठल्याही कामाला हात लावला नाही.